सोडा ब्लास्टर ब्रेकनंतरच का चोक होतो? (जीवाश्म मासे साफ करणाऱ्यांसाठी, हिवाळा स्पेशल)

चौथा हिवाळा चालू आहे आणि सोडा ब्लास्टरचा (दाबलेल्या हवेने सोड्याची पावडर दगडावर मारणारं मशीन) हा एकच फॉल्ट मी किती वेळा काढला असेल याची मोजदाद आता सोडून दिलीय. स्वतःच्या मशीनचा तर काढलाच, ओळखीतल्या दोघातिघांच्या गराजमध्ये जाऊन पण काढला, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस हेच म्हणतो की नॉझल खराब झालाय, नवीन मागवतो. थांबा, मागवू नका. दहातल्या आठ वेळा नॉझलचा काही दोष नसतो.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे तुमच्या सेटपशी जुळतंय का ते कळेल. मी सॉल्ट लेक सिटीच्या बाहेर राहते, आठवडाभर ऑफिस, आणि नोव्हेंबर ते मार्च शनिवार-रविवार गराजमध्ये ग्रीन रिव्हर फॉर्मेशनचे (प्राचीन तळ्याच्या गाळाचा दगड) जीवाश्म मासे साफ करत बसते. दगड वायोमिंगमधल्या केमररच्या आसपासच्या प्रायव्हेट खाणींतले, जिथे पैसे भरून खणू देतात. (शेजारच्या फॉसिल ब्युट नॅशनल मॉन्युमेंटमधून खडासुद्धा उचलायला बंदी आहे, तिकडे फक्त बघायला जा.) केमरर २१०० मीटर उंचीवर, एकदा बर्फ धरला की खाणकाम बंद, म्हणून स्लॅब उन्हाळ्यात आणायचे आणि साफसफाई हिवाळ्यात. मासे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे, आणि मी ज्या थरातले आणते त्याला सगळे अठरा इंची लेयर म्हणतात, त्यातला मासा दगडाच्या पातळ पापुद्र्याखाली झाकलेला असतो, वरून फक्त कण्याचा उंचवटा दिसतो. खाणीत तर रात्री तिरपा लाईट टाकून हे उंचवटे शोधतात. तो पापुद्रा एअर स्क्राइबने (हवेवर थरथरणारं टोकदार हत्यार) काढायचा आणि शेवटचा मिलिमीटरभर पावडरच्या फवाऱ्याने, आणि तिथेच हा सगळा ताप सुरू होतो.

लक्षणं बघा, यातलं काय काय होतंय तुमच्याकडे:

- पेडल दाबलं की नुसती हवा येते, पावडर नाही
- पावडर येते पण पिचकारीसारखी, थांबून थांबून
- दगडावर मधेच एक करडा ओला ठिपका उमटतो आणि त्यावर पावडर चिकटून बसते
- सकाळी दीड तास झकास चाललं, चहाला बाहेर जाऊन आलात आणि पहिल्याच पेडलला चोक

हे शेवटचं लक्षण असेल तर माझ्या मते निम्मं निदान तिथेच झालं. आणि एक वेगळं लक्षण, जे या पोस्टमधलं नाही: पावडर नीट सलग येतेय, पण फवारा पसरट झालाय आणि दगड कापला जात नाही. तो मात्र खरंच झिजलेला नॉझल. काळ्या कागदावर एक सेंटीमीटरवरून सेकंदभर मारून बघा, ठिपका नव्या नॉझलच्या दुप्पट दिसला तर बदला आणि इथून पुढे वाचू नका.

बाकीच्यांसाठी: तुमच्या लाईनमध्ये पाणी आहे.

आता कोणीही म्हणेल की हिवाळ्यात तर हवा कोरडी असते, ओठ फुटतात, मग पाणी आलं कुठून? मला पण हे कळायला एक पूर्ण सीझन गेला. कॉम्प्रेसर १०० पीएसआयला (दाबाचं माप) हवा जवळपास आठपट दाबतो. म्हणजे खोलीत आर्द्रता १३-१४ टक्के जरी असली तरी दाबलेली हवा परत खोलीच्या तापमानाला आली की जास्तीची वाफ पाणी होऊन खाली बसते. आणि दाबताना हवा गरम होते, त्यामुळे ते पाणी लगेच दिसत नाही, वाफ म्हणूनच पुढे जातं आणि जिथे पहिली थंड जागा भेटेल तिथे उतरतं. माझ्या गराजमध्ये ती थंड जागा म्हणजे काँक्रीटच्या फरशीवर वेटोळं घालून पडलेली नळी.

आता ब्रेकचं. मी दर पाऊण तासाने बाहेर जाते, मास्क काढते, हात झटकते (स्क्राइबच्या थरथरीने बोटं बधिर होतात, हे कंपल्सरी समजा), थर्मासमधला चहा घेते, घरामागच्या रस्त्यावरून बर्फात एक चक्कर मारते. जाताना हीटर बंद, आणि धूळ निघून जावी म्हणून गराजचं शटर अर्धं वर. पंधरा मिनिटांत आतलं तापमान १८ वरून ३-४ वर येतं. टाकी दाबाखाली तशीच, नळी दाबाखाली तशीच, पावडरचं भांडं पण. त्या पंधरा मिनिटांत जेवढी वाफ नळीत होती त्यातली बरीचशी पाणी होते, सगळ्यात खालच्या वळणात जमते, आणि तुम्ही येऊन हौसेने पेडल दाबता तेव्हा ते पाणी जातं थेट पावडरमध्ये. म्हणजे फॉल्ट आपण चहा पीत असताना तयार होतो, आणि आल्यावर शिव्या खातो तो नॉझल.

चेक्स आता क्रमाने. फुकटातले आधी. आणि प्रत्येक वेळी काहीही उघडायच्या आधी कॉम्प्रेसर बंद, दाब शून्य (अपवाद फक्त टाकीचा ड्रेन), डोळ्याला चष्मा, नॉझलच्या तोंडावर बोट ठेवून "येतंय का बघू" करायचं नाही.

सगळ्यात आधी टाकीखालचा ड्रेन उघडा. लोक हा वॉल्व्ह विकत घेतल्यापासून एकदाही उघडत नाहीत, मी पण नव्हता उघडला, पहिल्यांदा उघडला तेव्हा चहाचा एक कप भरेल एवढं तांबूस पाणी आलं. थोडासा दाब ठेवून उघडलं की पाणी नीट बाहेर फेकलं जातं. चमचाभर निघालं तर नॉर्मल, कपभर निघालं तर गेले कित्येक दिवस तुम्ही पाण्याची वाफ पुढे पाठवताय. ड्रेन फिरतच नसेल आणि गराज शून्याखाली गेलं असेल तर आत बर्फ झालाय, त्याला ना टॉर्च लावायची ना उकळतं पाणी ओतायचं, खोली गरम होऊ द्या आणि वाट बघा.

मग ब्लो टेस्ट. पावडरचं भांडं बायपास करून किंवा काढून, नुसती हवा काळ्या कागदावर अर्धा मिनिट मारा. ठिपके पडले की लाईन ओली. आता तो कागद दहा मिनिटं बाजूला ठेवा, ठिपके वाळून गेले तर पाणी, डाग तसाच राहिला तर कॉम्प्रेसरचं तेल. हे तपासणं महत्त्वाचं आहे कारण तेलाला पुढचा कुठलाही उपाय लागू पडत नाही आणि तेल दगडात शिरलं की निघत नाही. तेल दिसलं तर त्या कॉम्प्रेसरने माशावर काम बंद.

तिसरी पावडर. मी बहुतेक काम सोडियम बायकार्बोनेटने करते, म्हणजे आपला खायचा सोडा. गेल्या वर्षी आई इथे आली होती, सांगलीची थंडी तिला थंडी वाटायची, इथली बघून गप्पच झाली, आणि गराजमध्ये डोकावून म्हणाली, "अगं, हा तर ढोकळ्याचा सोडा, आणि तू तो दगडावर उडवतेस?" उडवते, कारण तो मऊ आहे. मोह्ज स्केलवर सोडा साधारण अडीच, चुनखडीतला कॅल्साइट ३, डोलोमाइट (माझी दुसरी पावडर) साडेतीन ते चार, आणि माशाचं हाड म्हणजे ॲपेटाइट ५. त्यामुळे सोडा हळूहळू सैल झालेला थर उडवतो, डोलोमाइट दगड कापतं, आणि दोन्ही हाडापेक्षा मऊ असल्यामुळे हाड बऱ्यापैकी वाचतं. (ॲल्युमिनियम ऑक्साइड ९ आहे, ते माशाच्या जवळपास आणू नका, कोणी कितीही सांगू दे.)

पण सोडा ओल धरतो. मूठभर घेऊन दाबा, मुठीचा आकार धरून राहिला तर गेला. चाळणीतून चाळून गुठळ्या काढा. माझा नॉझल अर्ध्या मिलिमीटरचा आहे, त्यात राईएवढी गुठळीसुद्धा बूच मारते. किराणातला बॉक्स वापरत असाल तर ते पण एक कारण, तो जाड असतो आणि त्यात पावडर वाहती ठेवणारं काही नसतं, ब्लास्टिंगसाठी मिळतो तो ग्रेड घ्या. आणि एकदा उडवलेली पावडर गोळा करून परत भरू नका, काटकसर दुसरीकडे करा.

इथे माझा गाढवपणा सांगते. ओला सोडा वाळवायला मी तो ओव्हनमध्ये ११० डिग्रीला दोन तास ठेवला, डोलोमाइट ठेवते तसा. बाहेर काढला तर छान भुरभुरीत, भरला आणि सुरू केलं. अर्ध्या तासात नेहमीपेक्षा वाईट चोक, आणि मनगटाला जळजळ. मग डोक्यात प्रकाश पडला, खायचा सोडा तापवला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो धुण्याचा सोडा. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम होतात, वजन केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. धुण्याचा सोडा हवेतली ओल जास्त ओढतो आणि कातडीला, डोळ्यांना जास्त लागतो. हे ५० डिग्रीपासूनच हळूहळू सुरू होतं, तेव्हा सोड्याला कुठलीच आच नको. झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस ठेवा, नाहीतर सरळ नवीन पिशवी फोडा. आईने सुचवलं की मिठाच्या बरणीत टाकतो तसे तांदळाचे दाणे टाक, आयडिया वाईट नाही पण एक दाणा नॉझलकडे गेला तर परत मीच रडणार. डोलोमाइट मात्र ओव्हनला चालतं, फक्त गार होताना झाकण लावून.

चौथं, नॉझल साफ करणं. काढून टोकाकडून बारीक तार घालून गुठळी मागे रुंद भागात ढकलायची. मागून पुढे ढकलली की ती अजून घट्ट बसते. हळू, कारण कार्बाइडचं टोक ठिसूळ असतं. सोडा ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, कोमट पाण्यात विरघळतो, पण मग नॉझल पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

त्याच वेळी पेडलला जी रबरी नळी चिमटली जाते ती काढून बघा. तिथे चपटी झाली किंवा आतून सोललेली असली तर थांबून थांबून पावडर येण्याचं कारण ते पण असू शकतं. स्वस्तात बदलून होते.

इथपर्यंत सगळं केलं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच झालं तर प्रॉब्लेम तुमच्या मांडणीत आहे, आणि इथे थोडा खर्च आणि बराच घाम.

माझ्या मांडणीत दोन घोडचुका होत्या. पहिली म्हणजे हीटर. मी प्रोपेनचा उघड्या ज्योतीचा हीटर वापरायचे. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. म्हणजे बाहेरची कोरडी हवा मी आत आणून स्वतःच ओली करत होते आणि मग कॉम्प्रेसरला पाजत होते. खिडकीच्या काचेवरून ओघळ यायचे, ते बघून पण ट्यूब पेटली नाही. शिवाय बंद गराजमध्ये कार्बन मोनॉक्साइड, आणि टेबलावर ॲसिटोनची बाटली. आज विचार केला तरी अंगावर काटा येतो. आता विजेवरचा ऑइल रेडिएटर आहे, आणि ॲसिटोन उघडं असेल तेव्हा तोही बंद.

दुसरी चूक, वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावलेला. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेत असतं, सेपरेटर काय डोंबल पकडणार? आधी हवा गार होऊ द्यायची, मग पाणी पकडायचं, मग उरलेली ओल डेसिकंटने शोषायची, आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर सगळ्यात शेवटी. हा क्रम पाठ करा. मी कॉम्प्रेसर हीटरजवळून उचलून गराजच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात नेला (पण शून्याच्या वर), तिथून धातूचा पाईप भिंतीने चढत्या उताराने नेला म्हणजे पाणी परत टाकीकडे येतं, मग सेपरेटर, मग मण्यांचा डेसिकंट, आणि मग टेबल, जिथे खोली जास्त गरम आहे. हवा थंडीकडून उबेकडे आली की ती आपोआप कोरडी होते, उबेकडून थंडीकडे गेली की रडते. माझं आधी बरोब्बर उलटं होतं. नळी फरशीवरून उचलून हुकांवर टांगलीय.

डेसिकंटचे मणी रंग बदलतात, निळे गुलाबी होतात किंवा नारिंगी हिरवट. बदलले की १२० डिग्रीला तापवून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, जुना टोस्टर ओव्हन वेगळा ठेवा. सेपरेटरशिवाय नुसता डेसिकंट लावला तर एका दिवसात रंग बदलतो आणि लोक म्हणतात माल खराब आहे.

रेफ्रिजरेटेड ड्रायर हा शेवटचा आणि महागडा उपाय. मी घेतलेला नाही. घेणार असाल तर तो गोठणाऱ्या गराजमध्ये चालत नाही हे आधी वाचून घ्या.

आणि ब्रेकचं रूटीन, ज्याला एक पैसा लागत नाही आणि ज्याने माझा नव्वद टक्के त्रास गेला. बाहेर पडायच्या आधी: पावडर बंद, दहा सेकंद नुसती हवा मारून नळी मोकळी करायची, कॉम्प्रेसर बंद, टाकीचा ड्रेन उघडायचा, पेडल दाबून सगळा दाब सोडून द्यायचा, पावडरच्या भांड्याला झाकण. मग चहा. आल्यावर खोली गरम होऊ द्यायची, हातमोजे आणि जॅकेटवरचा बर्फ दाराबाहेर झटकायचा, आणि पहिला फवारा कागदावर, माशावर नाही. दोन मिनिटं जातात. इन्व्हर्जनच्या दिवसांत, जेव्हा खोऱ्यात धुकं आणि धूर अडकून बसतो, तेव्हा मी बाहेर न जाता घरात जाते, पण रूटीन तेच.

स्लॅबलाही हेच लागू. शेडमधला गारठलेला दगड उबदार खोलीत आणला की चष्म्यावर धरतं तसं त्यावर दव धरतं आणि पावडर चिकटते. प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच आत आणा, दव बाहेरच्या प्लास्टिकवर पडू द्या, चारपाच तासांनी उघडा.

एवढं सगळं का करायचं? दुसऱ्या हिवाळ्यात माझ्याकडे हातभर लांबीचा डिप्लोमिस्टस होता. या माशाच्या पाठीवर डोक्यापासून वरच्या पराच्या सुरुवातीपर्यंत दातेरी खवल्यांची एक ओळ असते, फणीच्या दात्यांसारखी, त्याच्या पूर्ण नावातला (डिप्लोमिस्टस डेंटॅटस) दुसरा शब्द त्यावरूनच. तीच ओळ उघडत होते, वीस पीएसआयवर, निम्मी झाली होती. ब्रेक घेऊन आले, सरळ माशावर पेडल. फुस्स करून एक थेंब आणि त्यामागे ओल्या सोड्याचा गोळा, भिंतीला चुना फासावा तसा त्या ओळीवर. घाबरून मी लगेच पुसलं, आणि हीच चूक. कापडाबरोबर दोन दातेरी खवले आले. तसंच वाळू दिलं असतं तर मऊ ब्रशने सोडा निघाला असता आणि खवले जागेवर राहिले असते. तेव्हा ओला ठिपका पडला की हात लावायचा नाही, कोमट खोलीत रात्रभर सोडायचं.

ते दोन खवले कापडात सापडले, परत चिकटवले. त्यातही तोच पाण्याचा भूत. पॅरालॉइड बी-७२ हा गोंद ॲसिटोनमध्ये विरघळवून लावला, गराज गार होतं, ॲसिटोन पटकन उडताना पृष्ठभाग अजून गार करतं, त्यावर हवेतली ओल बसते आणि गोंद दुधासारखा पांढरा होतो. घाबरू नका, कोरड्या उबदार खोलीत नेऊन ब्रशने किंचित ॲसिटोन लावलं की परत पारदर्शक होतो. बी-७२ ची हीच गंमत आहे, केलेलं परत सोडवता येतं. सुपरग्लूचं तसं नाही. आणि गेलेला भाग रंगवून भरणार असाल तर फोटो काढून लिहून ठेवा कुठला भाग तुमचा आणि कुठला माशाचा, विकत घेणाऱ्याला ते कळायलाच हवं.

आता कुठे थांबायचं. टाकीवर गंजाचे फोड दिसले, सेफ्टी वॉल्व्ह सतत फुसफुसतोय किंवा टाकीच्या जोडातून हवा गळतेय, तर वेल्डिंग करून घेऊ नका, टाकी बाद करा. पावडरचं भांडं पण दाबाखाली असतं, त्याच्या झाकणाला चीर गेली तर एपॉक्सी नको. कॉम्प्रेसर सुरू होताना ब्रेकर उडतो, मशीनची बॉडी झिणझिण्या देते, तर इलेक्ट्रिशियन. हवेत तेल येतंय तर कॉम्प्रेसरवाला, पंपाच्या रिंगा आपण गराजमध्ये बदलायच्या नसतात (मी बदलायला गेले होते, त्याबद्दल विचारू नका).

माशाच्या बाबतीत: हाड पापुद्र्यासारखं वर उचललं जाऊ लागलं, किंवा स्लॅबच्या थरात हवा शिरून पोकळ आवाज येऊ लागला, की त्याच क्षणी मशीन बंद, आणि अनुभवी प्रिपेरेटरला (जीवाश्म साफ करणाऱ्या तज्ज्ञाला) फोटो पाठवा. आणि पापुद्र्याखालून नाइटिया किंवा डिप्लोमिस्टसऐवजी पंख, पिसं, पाय असं काही डोकावलं तर अजिबात पुढे जाऊ नका. नाइटिया ढिगाने मिळतात, १९८७ पासून वायोमिंगचा स्टेट फॉसिल आहे तो, एखादा बिघडला तर शिकण्याची फी समजा. पण याच तळ्यातून वटवाघळं आणि पक्षी पण निघालेत. तसलं काही दिसलं तर स्लॅब झाका, जिथून आणला त्या खाणीला फोन करा, आणि जमीन कोणाच्या मालकीची होती, सरकारी की खाजगी, ते आधी विचारा.

माझ्या टेबलावर सध्या एक फॅरिओडस मासा आहे, दात बाहेर आलेत, खालचा जबडा अजून दगडात. ब्रेकची वेळ झालीय, ड्रेन उघडून येते.